वीट वाहणारे, वही राखणारे

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थानं गिरगावातल्या आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ते ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि खोताची वाडी वसली. तेव्हाचं गिरगाव म्हणजे नारळी-फणसांच्या वाड्या; खरं शहर कोटाच्या आत. ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला त्यावर त्यानं ऐपतीप्रमाणे घर उभं केलं. म्हणून आजही तिथं एक घर दुसऱ्यासारखं नाही. गल्लीकडे तोंड करून ओटा, वरच्या मजल्यावर जायला घराबाहेरूनच चढणारा लाकडी जिना, कोरीव कठड्याची गॅलरी आणि वर मंगलोरी कौलं, एवढं सगळ्यांचं सारखं. बाकी रंग, जाळ्या, खिडक्यांची झडपं ज्याची त्याची. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या ओट्यांवर बसून आवाज न चढवता गप्पा होतात.

ही घरं एकेकाळी पासष्टच्या आसपास होती. आता निम्म्याहून कमी उरली आहेत. वारसा म्हणून वाडीचं नाव सगळीकडे घेतलं जातं, कॅमेरे घेऊन लोक येतात, नाताळात रोषणाई बघायला गर्दी लोटते, आणि अधूनमधून एक घर कमी होतं. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. सागवानी खांब कुजला तर बदलायला लाखांत खर्च येतो आणि तसं काम जाणणारा सुतार शोधावा लागतो. आजोबांच्या एका घराचे तिसऱ्या पिढीत दहा वारस होतात, त्यातले चार वसई-विरारला, तीन परदेशात. बिल्डर दारात येतो तो एकेका घराच्या दारात येतो, आणि त्या दारात उभं राहून नाही म्हणायचं ते एकट्या घरमालकाला. पासष्ट घरांची वाडी होती, पण पासष्ट घरांचा मालक मिळून एक असा कधीच नव्हता.

खोताची वाडी काही गरिबांची वसाहत नव्हे. तरी गरजू कुटुंबांच्या घरांविषयी आणि ती बांधून देणाऱ्या स्वयंसेवकांविषयी लिहायला बसल्यावर मला तिच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटली, ती या मालकीच्या प्रश्नामुळे. कारण स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घमेलं उचलणारा माणूस येतो. मुंबईत, विशेषतः गिरगाव ते परळ या पट्ट्यात, ज्यांनी परवडणारी घरं खरोखर उभी केली त्यातल्या बहुतेकांनी घमेलं उचललंच नाही. त्यांनी वही सांभाळली.

घमेल्याची गोष्ट आधी सांगतो, ती जास्त प्रसिद्ध आहे. २००६ च्या ऑक्टोबर अखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला पाटण गावात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन हातात थापी घेऊन विटा रचत होते. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचा तो वार्षिक उपक्रम. देशोदेशीचे दोनेक हजार स्वयंसेवक आठवडाभरात शंभर घरं बांधायला आले होते. हॉलिवूडचा ब्रॅड पिट आला, म्हणून वर्तमानपत्रांना फोटोही मिळाले. कार्टर घराण्याचा मुंबईशी संबंध त्याआधीचा आहे. त्यांच्या आई लिलियन या परिचारिका होत्या. १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात दाखल झाल्या आणि जवळपास दोन वर्षं राहिल्या. नातवंडं सांभाळायच्या वयात विक्रोळीला येऊन कुटुंबनियोजनाचं आणि दवाखान्याचं काम करणारी ही बाई मला तिच्या राष्ट्राध्यक्ष मुलापेक्षा जास्त आवडते, हे जाता जाता.

हॅबिटॅटची कल्पना जॉर्जिया राज्यातल्या एका शेतावर जन्मली. अमेरिकस गावाजवळ क्लॅरेन्स जॉर्डन यांनी १९४२ साली ‘कॉयनोनिया’ नावाचं सामुदायिक शेत सुरू केलं होतं, जिथं गोरे आणि काळे एका पंगतीला बसत. त्या काळात त्या भागात याची किंमत मोजावी लागे: बहिष्कार, गोळीबार, सगळं झालं. मिलर्ड फुलर नावाचा वकील आपली श्रीमंती सोडून तिथं आला आणि त्याच्या व जॉर्डन यांच्या चर्चेतून घरांची योजना निघाली. घर फुकट द्यायचं नाही. बिनव्याजी कर्जावर, नफा न घेता द्यायचं. घेणाऱ्या कुटुंबानं बांधकामात ठरावीक तास स्वतः राबायचं. आणि त्याचे हप्ते आले की त्यातून पुढच्याचं घर बांधायचं. १९७६ मध्ये फुलर दांपत्यानं यासाठी वेगळी संस्था काढली. १९८३ पासून ती भारतातही आहे.

स्वयंसेवकांनी सीमा ओलांडून घरं बांधायला जाण्याची प्रथा याहूनही जुनी. पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दूंजवळच्या एका खेड्यात १९२० साली पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता काही जणांना घेऊन घरं उभारायला गेला. कालपर्यंत ज्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या त्या देशांची माणसं एका भिंतीवर काम करतील, हा त्यामागचा विचार. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हाच सेरेसोल भारतात आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्यात भूकंपग्रस्तांची गावं वसवायला राबला. त्यानं काढलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे स्वयंसेवक पुढं, १९५४ च्या सुमारास, वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनातही आले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर सुरू झालेल्या आनंदवनातल्या पहिल्या पक्क्या इमारतींना त्यांचे हात लागले. ज्या काळात कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक उभे राहत नसत त्या काळात परदेशी तरुण त्यांच्या खांद्याला खांदा लावून दगड वाहतात, याचा परिणाम आसपासच्या गावांवर झाला तो इमारतीपेक्षा मोठा होता.

घमेल्याचं खरं मोल हेच आहे. हिशेबात ते फारसं भरत नाही. साध्या बांधकामात मजुरीचा वाटा ढोबळमानानं खर्चाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि त्यातही गवंडी, सुतार, नळजोडणीवाला यांची कामं हौशी माणसाच्या हाती देता येत नाहीत. उरतं ते बिगारी काम. लांबच्या देशातून विमानानं येणाऱ्या स्वयंसेवकाच्या तिकिटात स्थानिक बिगाऱ्याचे किती महिन्यांचे रोज निघतील, हा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर असं की तो माणूस परत जाऊन आयुष्यभर देणगी देतो, दहा जणांना सांगतो. ठीक आहे. पण हे सगळं गणित जिथं जमीन स्वस्त आहे तिथलं. गिरगावात घराच्या किमतीत विटा, सिमेंट आणि मजुरी मिळून जे होतं त्याच्या कैकपट नुसती जागा असते. इथं सगळी मजुरी फुकट मिळाली, तरी घर गरिबाच्या आवाक्यात येत नाही.

मग गिरगाव, परळ, लालबागमध्ये गरीब माणूस राहिला कसा? तो आधी खोलीत राहिला, पण खोली त्याची नव्हती, गावाची होती. कोकणातल्या एकेका गावानं चाळीत एक खोली घेऊन ठेवलेली असे. गिरणीत लागलेला नवा पोरगा पत्र्याची पेटी घेऊन बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरायचा तो थेट त्या खोलीवर जायचा. भिंतीला लागून ओळीनं पेट्या, खुंटीवर कपडे, झोपायला पेटीच्या लांबीएवढी जागा. पाळीनुसार झोपायचं, दिवसपाळीची माणसं उठली की रात्रपाळीवाले त्याच जागी वळकटी पसरायचे. खोलीचा हिशेब गावकी मंडळातला कुणीतरी बघे, भाडं गोळा करी, कुणाची नोकरी सुटली तर त्याचे दोन महिने सांभाळून घेई. त्याला पगार नसे.

हीच गोष्ट गोव्याच्या लोकांनी अधिक शिस्तीनं केली. धोबीतलाव ते गिरगाव आणि तिकडे माझगाव, डोंगरी या भागांत गोव्यातल्या गावांचे ‘कूड’ होते, त्यांतले काही अजून आहेत. बोटीवर नोकरी करणारा तारवटी दोन बोटींच्या मधल्या काळात मुंबईत थांबायचा तो आपल्या गावच्या कुडात. एक मोठी खोली, एका टोकाला गावच्या पालक संताची वेदी, भिंतीशी पेट्या, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची सक्ती. भाडं नाममात्र. नियम मोडला तर बाहेर. कुडाची जागा सभासदांच्या मंडळाची. कुणा एकाला ती विकता येत नव्हती. धोबीतलावासारख्या मोक्याच्या ठिकाणी अशी स्वस्त जागा इतकी वर्षं टिकली याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला आणि मुंबईत घर या विषयाकडे सरकारचं लक्ष गेलं. दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाटीची वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, हे त्याचं काम. ट्रस्टनं पाडलं पुष्कळ, गरिबांसाठी बांधलं त्या मानानं थोडं. पाडलेल्या घरांतली माणसं शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. मात्र याच ट्रस्टनं गावदेवीत नवे भूखंड पाडले आणि त्यांतल्या एकावर एक निराळीच गोष्ट घडली.

श्रीपाद सुब्राव तालमकी हे उत्तर कानड्यातून मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातले. या समाजाची कारकुनी पेशातली पुष्कळ कुटुंबं गिरगाव-गावदेवीत चाळींमध्ये भाड्यानं राहत. भाडी वाढत चाललेली, घरमालकाच्या मर्जीवर बिऱ्हाड. तालमकींनी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावानं ‘शामराव विठ्ठल’ सहकारी पतसंस्था काढली होती, तीच आजची बँक. १९१२ च्या कायद्यानं कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढायची मोकळीक दिली, तेव्हा त्यांनी घराचा विषय हाती घेतला. १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली आणि ट्रस्टकडून भाडेपट्ट्यानं घेतलेल्या गावदेवीच्या जागेवर तिच्या इमारती उभ्या राहिल्या. आशियातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. खोताच्या वाडीतून ती पायी गाठता येते.

तालमकींनी उचललेला नमुना इंग्लंडमधला होता. लंडनजवळ ईलिंगला १९०१ साली काही गवंडी-सुतारांनी मिळून ‘ईलिंग टेनन्ट्स’ ही संस्था काढली होती. तिची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी खुबी तीत आहे. इमारत आणि जमीन संस्थेची. सभासद संस्थेचे भाग घेतो, म्हणजे तो मालकांपैकी एक. पण ज्या खोल्यांत तो राहतो त्यांचा तो भाडेकरूच; दरमहा संस्थेला भाडं भरायचं. त्या भाड्यातून कर्ज फिटतं, डागडुजी होते, उरलं तर भागधारकांना मर्यादित लाभांश. सोडून जायचं झालं तर आपल्या भागांचे पैसे घ्यायचे आणि जायचं. जागेचा भाव मधल्या काळात चौपट झाला असेल तर तो वाढावा त्याच्या खिशात जात नाही, संस्थेत राहतो. त्यामुळे पुढचा भाडेकरू जुन्याच खर्चाच्या हिशेबानं आत येतो. घरमालक नावाची वस्तूच मधून काढून टाकली, आणि तिच्या जागी स्वतः घरमालक होण्याचा मोहही ठेवला नाही.

हे चालवायला लागतात ते लोक संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर येऊन बसणारे. भाड्याची पावती फाडणारा मानद चिटणीस, कंत्राटदाराशी हुज्जत घालणारा, गच्चीतली गळती कुणी काढायची यावर दोन शेजाऱ्यांची समजूत घालणारा. बिनपगारी श्रम म्हणाल तर हेही श्रमदानच, फक्त घाम कमी आणि मनस्ताप जास्त. आठवडाभरात शंभर घरं बांधणाऱ्यांना टाळ्या मिळतात. तीस वर्षं सोसायटीचा जमाखर्च बिनचूक लिहिणाऱ्याला सर्वसाधारण सभेत शिव्या मिळतात.

तालमकींच्या कामाची एक मर्यादा मात्र लपवण्यात अर्थ नाही. सभासद एका ज्ञातीचे आणि पांढरपेशे. भाग घ्यायला पैसे हवेत, नियमित पगार हवा. गिरणीतल्या बदली कामगाराला या दारातून आत यायला जागा नव्हती. एकमेकांवर विश्वास होता म्हणून संस्था टिकली हे खरं, पण तो विश्वास जातीच्या ओळखीवर उभा होता. मुंबईतल्या पुढच्या कितीतरी सोसायट्यांनी त्यातला सहकार कमी आणि ही ओळख जास्त उचलली. लालबागचा नवरोज बाग हाही त्यातलाच प्रकार, फक्त तिथं सहकाराच्या जागी दानधर्म: जेरबाई वाडिया यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला गरीब पारशी कुटुंबांसाठी बांधलेली ही वसाहत, आणि तिच्यामागून आलेले भायखळा-कुलाब्याचे बाग, अजून न्यासाच्याच मालकीचे आहेत.

गिरणी कामगारासाठी सरकार उतरलं ते १९२० नंतर. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीटच्या भिंती, जाळीच्या खिडक्या, भाडं परवडेना म्हणून पहिली काही वर्षं कित्येक खोल्या रिकाम्या. सरकारला घर बांधता येतं, पण राहणाऱ्याला विचारावं हे सुचत नाही, याचा तो जुना नमुना. पुढं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि गिरगावच्या चाळींतला माणूस पुढची पन्नास वर्षं तिथं टिकला. या सवलतीचा खर्च घरमालकानं इमारतीकडून वसूल केला: डागडुजी बंद. जिन्याचे टेकू आणि पावसाळ्यात येणारी धोकादायक इमारतीची नोटीस ही त्या स्वस्त भाड्याची दुसरी बाजू. पागडी घेऊन खोली हातोहात जायची ते वेगळंच.

चाळीची खोलीही ज्यांच्या वाट्याला आली नाही ते फुटपाथवर राहिले. भायखळ्यात असे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. १९८१ च्या जुलैत मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथावरच्या लोकांना शहराबाहेर काढण्याची घोषणा केली, त्यावर पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८५ च्या निकालानं जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे मान्य केलं, पण पदपथ मोकळा करण्याची पालिकेला मुभाही दिली. झोपडी तुटणार हे ठरलंच होतं. तेव्हा आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेनं भायखळ्याच्या पालिका दवाखान्याच्या आवारातल्या एका गॅरेजात बसून पदपथावरच्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची पाहणी केली. सरकारी कागदांत ही माणसं नव्हतीच. जनता कॉलनीच्या पाडापाडीविरुद्ध लढलेले, झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय महासंघाचे जॉकिन अर्पुथम त्यांना येऊन मिळाले, आणि पदपथावरच्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली.

या बायकांनी जे केलं ते तालमकींच्या कामाला लागून ठेवावं असं मला वाटतं. फरक एवढाच की यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी रोजची बचत सुरू केली, दोन रुपये, पाच रुपये, जे निघेल ते. नोंद कशी ठेवायची? प्रत्येकीला प्लॅस्टिकची एक पिशवी आणि रंगीत कागदाचे तुकडे. एकेका रंगाला एकेक रक्कम ठरलेली. पैसे दिले की त्या रंगाचा तुकडा पिशवीत. महिनाअखेरीला आपली पिशवी मोकळी करून रंग मोजले की कुणाही बाईला आपली शिल्लक सांगता येई. दुसऱ्याच्या वहीवर विसंबायचं कारण नाही. बचत गोळा करणारी बाई त्यांच्यातलीच, रोज दारोदार फिरणारी. त्यामुळे कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या घरी आज चूल नाही, हेही तिला रोजच्या रोज कळे, आणि अडीनडीला कुणाला उसने द्यायचे हे त्या माहितीवर ठरे.

मग घर कसं हवं याचा विचार. साड्या ताणून त्यांनी जमिनीवर खोल्यांची मापं आखली, आत उभं राहून पाहिलं, स्वयंपाकाची जागा, झोपायची जागा, पाण्याचं पिंप कुठं येईल. भायखळ्यात पूर्ण आकाराची घरं बांबू-कापडाची उभारून प्रदर्शन भरवलं, अधिकाऱ्यांना बोलावलं. वास्तुरचनाकारांच्या नकाशात नसलेल्या दोन गोष्टी त्यातून निघाल्या. एक, छताची उंची चौदा फूट: म्हणजे पोटमाळा काढून तेवढ्याच जागेत दोन थरांत कुटुंब राहील. दुसरी, संडास घरात नको, चार घरांत मिळून बाहेर असला तरी चालेल; दहा बाय पंधराच्या खोलीतला कोपरा त्यांना जास्त मोलाचा वाटला. शिकल्या-सवरल्या माणसाला हे दुसरं पटायला वेळ लागतो. पण जागेचा हिशेब इंचांत करणाऱ्या बाईला त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

नकाशा तयार, बचत तयार, जागा नाही. पदपथावरची माणसं पुनर्वसनाला पात्र आहेत हे राज्याच्या झोपडपट्टी पुनर्विकास धोरणात १९९५ साली आलं, आणि भायखळ्याच्या कुटुंबांना मानखुर्दला आपल्या सोसायटीच्या पक्क्या घरांत जायला नवं शतक उजाडलं. सोसायटीचं नाव मिलन नगर. ज्या मुलींना कडेवर घेऊन बायकांनी साड्या ताणल्या होत्या त्यांची लग्नं होऊन गेलेली असणार. एवढा काळ त्यांना एकत्र धरून ठेवलं ते त्या रंगीत तुकड्यांनी. जॉकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले.

राहणाऱ्यांनीच आपल्या घराचं काम हाती घ्यायचं, हा धडा मराठवाड्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. बाहेरून आलेल्या संस्थांनी आखीव रांगांत नवी गावं बांधून दिली, त्यांची उद्घाटनं झाली. पण त्याहून कितीतरी अधिक घरं होती ती पडली नव्हती, तडकली होती. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीच्या ओझ्याचं माळवद; दगड आतल्या आत सुटे, बाहेरून मात्र भक्कम दिसणारे. ही घरं मालकांनीच मजबूत करायची होती: भिंतीच्या आरपार जाणारे बांधणीचे दगड बसवायचे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे, माळवदावरची माती कमी करायची. सरकारी मदतीचा हप्ता कधी, कशासाठी, अभियंता काय म्हणतो हे गावाला सांगायला ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. त्यांतल्या कित्येक जणी आधी कधी ग्रामसभेत बोलल्या नव्हत्या. २००१ च्या भूकंपानंतर यांतल्याच बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना सिमेंट-वाळूचं प्रमाण समजावत होत्या.

जमिनीचा प्रश्न राहिलाच. त्याचं एक उत्तर, आश्चर्य म्हणजे, पुन्हा जॉर्जियातच मिळतं, आणि ते तिथं गेलं ते आपल्याकडून. पेणजवळच्या गागोद्याचे विनोबा भावे भूदानावरून ग्रामदानावर आले तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं: वाटलेली जमीन पुन्हा सावकाराकडे जाते, तेव्हा मालकी गावाची करा, कसण्याचा हक्क कुटुंबाचा राहू द्या. रॉबर्ट स्वान आणि स्लेटर किंग या अमेरिकनांनी ग्रामदानाचा अभ्यास करून १९६९ मध्ये नैर्ऋत्य जॉर्जियात, काळ्या शेतकऱ्यांसाठी, ‘न्यू कम्युनिटीज’ नावाचा जमिनीचा न्यास उभा केला. तो प्रयोग कर्जात बुडाला. पण त्याचा साचा शहरांनी उचलला: जमीन न्यासाची, वरचं घर कुटुंबाचं, विकताना किमतीवर ठरलेली मर्यादा, म्हणजे पुढच्या गरजूलाही ते परवडतं. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरानं १९८४ पासून हे चालवलंय, आणि अमेरिकेत आज असे शेकडो न्यास आहेत. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ साली त्याखाली आपली खाजगी जमीन ग्रामसभेच्या नावे केली. शहरासाठी असा कायदा नाही.

की आहे? मुंबईत फ्लॅट असणाऱ्या कुणीही आपल्या सोसायटीचं नोंदणीपत्र काढून बघावं. महाराष्ट्राच्या सहकार नियमांत गृहनिर्माण संस्थांचं जे वर्गीकरण आहे त्यात सभासद-भाडेकरूंच्या भागीदारीची संस्था हा एक वर्ग आहे, तालमकींनी १९१५ साली आणला तोच, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य फ्लॅटवाल्या सोसायट्यांची नोंद त्याच वर्गात होते. कागदोपत्री इमारत संस्थेची, सभासदाच्या हाती भागाचा दाखला आणि राहण्याचा हक्क. प्रत्यक्षात तो हक्कच बाजारभावानं विकला जातो, आणि गावदेवीत दोन खोल्यांचा ब्लॉक काही कोटींना जातो तेव्हा त्या व्यवहारातून सोसायटीला हस्तांतरणाचं अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये घेता येतात.